बुबुळ घेतलं, पडदा राहिला

मामा गेले तेव्हा पहाटेचे साडेतीन वाजले होते. नेत्रदानाचा फॉर्म त्यांनी वीस वर्षांपूर्वीच भरून ठेवला होता. तरी ऐनवेळी भाऊबंदांपैकी एकाने हळूच विचारलंच, "आंधळ्या माणसाचे डोळे घेऊन काय करणार ते लोक?" मामी रडत नव्हती. म्हणाली, "त्यांनी सांगून ठेवलंय. फोन लावा."

दोन तासांनी नेत्रपेढीची दोन मुलं गाडी घेऊन आली. खोलीतला पंखा बंद केला, डोळ्यांवर ओला कापूस आधीच ठेवलाय म्हणून आम्हाला शाबासकी दिली आणि वीसेक मिनिटांत काम आटोपलं. चेहरा होता तसाच दिसत होता. मी जन्मभर कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवलेला माणूस, मला राहवेना. निघता निघता त्यातल्या एकाला विचारलं, "पडद्याचं काय?"

"सर, आम्ही फक्त वरची काच नेतो. पडदा आत राहतो."

"यांना पडद्याचाच आजार होता. अभ्यासाला वगैरे उपयोग नाही का?"

"आमच्याकडे कुणी मागत नाही."

त्या मुलाचा यात काडीचाही दोष नाही. तो रात्रीचा उठून आमच्या गावापर्यंत आला, त्याचं काम त्याने चोख केलं. पण 'कुणी मागत नाही' हे त्याचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. माझं म्हणणं असं, की आता कुणीतरी मागायला हवं, आणि आपण द्यायला हवं.

आधी थोडा शब्दांचा घोळ निस्तरतो. नेत्रदानात 'बुबुळ बसवतात' असं आपण सर्रास म्हणतो. बसवतात ते बुबुळ नव्हे, बुबुळावरची पारदर्शक काच, म्हणजे पारपटल. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, ती थंड द्रावणात चार दिवस, चांगल्या द्रावणात त्याहूनही जास्त टिकते, आणि एकाची दुसऱ्याला बसते. पडदा, म्हणजे दृष्टिपटल, हा वेगळाच प्राणी आहे. तो मेंदूचाच एक तुकडा आहे, डोळ्याच्या आत अंथरलेला. तो आज तरी कुणाचा कुणाला बसवता येत नाही. म्हणून नेत्रदानाच्या हिशेबात त्याची किंमत शून्य. अलीकडे अनेक ठिकाणी पूर्ण डोळा न काढता जागेवरच पारपटल काढून घेतात. नातेवाइकांना चेहरा विद्रूप होण्याची भीती असते, ती त्यामुळे उरत नाही. पडदा मात्र चितेवर जातो. पूर्ण डोळा नेला तरी पारपटल काढल्यावर उरलेल्या भागाची वाट बहुधा कचऱ्याकडेच असते.

आणि मामांचा पडदा साधा नव्हता. त्यात सत्तर वर्षांची एक हकिगत लिहिलेली होती.

मामांना रेटिनायटिस पिगमेंटोसा होता, म्हणजे पडद्याच्या पेशी हळूहळू मरत जाण्याचा आनुवंशिक आजार. लहानपणी त्याला सगळे रातांधळेपणाच म्हणत. दिवेलागण झाली की ते घराबाहेर पडत नसत. आजीने त्यांना वर्षानुवर्षं गाजरं आणि माशाच्या तेलाच्या गोळ्या खाऊ घातल्या, कारण रातांधळेपणा म्हणजे अ जीवनसत्त्वाची कमतरता हे समीकरण गावातल्या डॉक्टरलाही पाठ होतं. पन्नाशीपर्यंत नजर नळीतून बघितल्यासारखी झाली. समोरच्या माणसाचं नाक दिसे, खांद्यावरची पिशवी दिसत नसे. किराणा दुकान त्यांनी तरीही चालवलं, नाणी बोटांनी ओळखून. साठीनंतर ते नाकही गेलं.

पडद्यात प्रकाश टिपणाऱ्या दोन जातीच्या पेशी असतात. दंडपेशी अंधुक उजेडात काम करतात, त्या नऊ ते बारा कोटींच्या घरात. शंकूपेशी रंग आणि बारीक तपशील बघतात, त्या साठेक लाख. मामांच्या आजारात आनुवंशिक बिघाड बहुतेक वेळा दंडपेशींच्या जनुकात असतो. आधी दंडपेशी मरतात, म्हणून रात्र जाते. पण पुढे शंकूपेशीही मरतात, आणि त्यांच्यात तर काही बिघाड नसतो! शेजारचं घर जळालं म्हणून आपलंही पडावं तसं हे. २००४ मध्ये पॅरिसच्या जोसे-आलँ सहेल आणि तिएरी लेवेयार यांच्या गटाने दाखवलं, की दंडपेशी एक प्रथिन सोडतात आणि शंकूपेशी त्यावर तगून असतात. नंतर कळलं, की ते प्रथिन शंकूपेशींना साखर आत घ्यायला मदत करतं. दंडपेशी गेल्या की शंकूपेशी अक्षरशः उपाशी पडतात. मामांचं वाचन गेलं ते या उपासमारीने. माशांच्या पडद्यात मेलेल्या पेशी पुन्हा उगवतात, माणसाच्या उगवत नाहीत. त्यामुळे अशा सगळ्या आजारांत खरा प्रश्न एकच: पेशी मरते कशी, आणि तिला मरण्यापासून अडवायचं कुठल्या पायरीवर?

पेशी दोन तऱ्हांनी मरते असं आम्ही शिकवत असू. एक अपघाती मरण, फुटून, आजूबाजूला घाण करून. दुसरं नीटनेटकं, स्वतःच्या आज्ञेने, शांतपणे आवरतं घेऊन. या दुसऱ्या मरणाला १९७२ मध्ये केर, वायली आणि करी या तिघांनी अपॉप्टोसिस हे नाव दिलं. ॲबर्डीनच्या ग्रीकच्या एका प्राध्यापकाने तो शब्द सुचवला, त्याचा अर्थ पानगळ. गर्भात आपली बोटं सुटी होतात ती मधल्या पेशींच्या अशाच पानगळीमुळे. १९९० च्या दशकात आजारी उंदरांच्या पडद्यात हीच चिन्हं दिसली आणि सगळ्यांना वाटलं, चोर सापडला. कॅस्पेज नावाची विकरं (एन्झाइम) ही पानगळ घडवतात, मग कॅस्पेज अडवा की झालं.

झालं नाही. पडदा सुटतो, ज्याला आपण 'पडदा सरकला' म्हणतो, त्या अवस्थेत २०१० मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी प्राण्यांवर पाहिलं, की कॅस्पेजची वाट बंद केली तर पेशी दुसऱ्या वाटेने मरतात, तीही नियमबद्ध, पण फुटून मरण्याची. दोन्ही दारं एकदम लावली तेव्हाच पेशी वाचल्या. २०१४ मध्ये पडद्याचे आनुवंशिक आजार असलेल्या उंदीरवर्गीय प्राण्यांच्या दहा जातींची तुलना झाली, तेव्हा तर दिसलं की तिथल्या मरणाचा ठसा पानगळीचा नाहीच. कॅल्पेन नावाची वेगळी विकरं आणि वेगळीच साखळी. म्हणजे वीस वर्षं अनेक प्रयोगशाळा एका दारावर कुलूप लावत बसल्या होत्या आणि पेशी मागच्या दाराने जात होत्या. याला मी मूर्खपणा म्हणणार नाही. विज्ञान असंच चालतं, आणि त्याचा मला रागही येत नाही. राग येतो तो याचा, की हे सगळं मुख्यतः कुणाच्या पडद्यावर तपासलं गेलं? उंदराच्या.

उंदराचं ऋण मोठं आहे. १९२४ मध्ये क्लाइड कीलर नावाच्या अमेरिकी संशोधकाला दंडपेशी नसलेले उंदीर आढळले, आणि तोच बिघाड असलेल्या उंदरांवर आजही काम चालतं. पण उंदीर रात्रीचा जीव. त्याचा पडदा जवळपास सगळा दंडपेशींचा. माणसाच्या पडद्यात मध्यभागी पीतबिंदू असतो, जिथे शंकूपेशी खच्चून भरलेल्या असतात आणि ज्यांच्या जोरावर तुम्ही हा मजकूर वाचताय. उंदराला पीतबिंदू नसतोच. शिवाय त्या जातीच्या उंदराच्या दंडपेशी जन्मानंतर तीनेक आठवड्यांत संपतात. मामांच्या पन्नास वर्षं मरत होत्या. तीन आठवड्यांचं आणि पन्नास वर्षांचं मरण एकाच वाटेने जातं हे गृहीत कसं धरायचं?

गृहीत न धरता माणसाचा पडदा बघितला तेव्हा काय मिळालं याची उदाहरणं आहेत. १९९५ मध्ये अमेरिकेत ॲन मिलम आणि सहकाऱ्यांनी रेटिनायटिस पिगमेंटोसा असलेल्या मृत माणसांचे दान आलेले डोळे तपासले. मरणपंथाला लागलेल्या दंडपेशींना त्यात नवे तंतू फुटलेले दिसले, वाळत्या झाडाला भलत्या जागी धुमारे फुटावेत तसे. १९९८ मध्ये मधुमेहाच्या पडद्यावरचं एक काम आलं. तोवर सगळा भर रक्तवाहिन्या गळण्यावर होता. बार्बर आणि सहकाऱ्यांनी उंदीरवर्गीय प्राण्यांत आणि मधुमेही माणसांच्या दान केलेल्या डोळ्यांतही दाखवलं, की पडद्यातल्या चेतापेशीसुद्धा मरत असतात. आपल्या देशात हे कुणाला लागू आहे? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मधल्या अभ्यासाने भारतातल्या मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख धरली आहे.

तिसरं उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. म्हातारपणी पीतबिंदू झिजण्याच्या आजारात पडद्याखाली पिवळसर ठिपके साचतात, त्यांना ड्रुसेन म्हणतात. अमेरिकेतल्या आयोवामध्ये ग्रेगरी हॅगेमन आणि सहकाऱ्यांनी दान आलेल्या डोळ्यांतले हे ठिपके वर्षानुवर्षं जमवले, त्यांत काय काय आहे ते शोधलं, आणि शरीराच्या रोगप्रतिकार यंत्रणेतली कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं त्यांना तिथे सापडली. २००५ मध्ये याच यंत्रणेतल्या एका जनुकाचा या आजाराशी पक्का संबंध निघाला. २०२३ मध्ये अमेरिकेत कॉम्प्लिमेंट अडवणाऱ्या दोन औषधांना मान्यता मिळाली. ही औषधं काही चमत्कार नाहीत. पेशी मरण्याचा वेग थोडा कमी होतो, गेलेली नजर परत येत नाही, महिना-दोन महिन्यांनी डोळ्यात सुई घ्यावी लागते, आणि त्यातल्या एकाला युरोपच्या औषध नियामकाने २०२४ मध्ये नकारच दिला. तरी या आजाराच्या ज्या शेवटच्या कोरड्या टप्प्यावर काहीच औषध नव्हतं तिथे पहिली पायरी बांधली गेली. तिच्या पायाभरणीत मेलेल्या माणसांचे डोळे आहेत, आणि ते डोळे कुणीतरी मागितले होते म्हणून मिळाले.

यावर पहिला आक्षेप मला पाठ आहे, कारण तो माझ्याच मित्राने, एका नेत्रतज्ज्ञाने, घेतला. म्हणाला, "अरे, इथे मधुमेही माणूस पडदा तपासायला येत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांची तपासणी तीस दिवसांच्या आत झाली तर डोळे वाचतात, तीही सगळीकडे होत नाही. पडदा सरकलेला माणूस पंधरा दिवस घरगुती थेंब घालून मग येतो. आणि तू संशोधनाच्या गप्पा मारतोस!" त्याचं अगदी खरं आहे. महाराष्ट्रात आज सर्वांत जास्त पडद्याच्या पेशी कुठल्या गोष्टीने वाचतील असं विचारलं, तर उत्तर प्रयोगशाळेत नाही, तालुक्याच्या दवाखान्यात पडद्याचा फोटो काढणारा फंडस कॅमेरा असण्यात आहे. हे मी शंभर टक्के मान्य करतो. पण या दोन गोष्टी एका खिशातल्या नाहीत. मी मागतोय तो फॉर्मवरचा एक रकाना, फोन उचलणारं एक माणूस आणि डोळा वेळेत एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोचवणारी साखळी. नेत्रपेढ्यांकडे अर्धी साखळी आजच आहे. आणि मामांसारख्यांचं काय? त्यांनी वेळेवर तपासणी केली होती. दर वर्षी केली. दर वर्षी डॉक्टर म्हणाले, काही करता येणार नाही.

बरं, हे दुखणं आपल्याकडे विरळाही नाही. जगभर साधारण चार हजारांत एकाला रेटिनायटिस पिगमेंटोसा असतो असं पुस्तकात असतं. नागपूरजवळच्या खेड्यांत तिशीपुढच्या चार हजार सातशे लोकांची तपासणी झाली, त्यात हे प्रमाण साडेसातशे-आठशे माणसांमागे एक इतकं निघालं. नमुना लहान आहे, आकड्याला फार ताणू नये. पण मामांचे आई-वडील आते-मामे भावंडं होती, आणि अशी लग्नं आपल्याकडे किती झाली हे प्रत्येकाने आपल्या घरात मोजावं. आजवर या आजारातली ऐंशीहून जास्त जनुकं सापडली आहेत. त्यांतल्या एका जनुकासाठी २०१७ मध्ये अमेरिकेत जनुकोपचाराला मान्यता मिळाली, किंमत दोन डोळ्यांना साडेआठ लाख डॉलर. त्याच जनुकावरच्या उपचारांच्या आधीच्या चाचण्यांमधले रुग्ण तपासले तेव्हा २०१३ मध्ये एका गटाला दिसलं, की नजर सुधारली तरी पेशी मरायच्या थांबल्या नव्हत्या. बिघाड दुरुस्त केला तरी सुरू झालेलं मरण सुरूच. म्हणून मला वाटतं, ऐंशी जनुकांची ऐंशी महागडी औषधं मिळण्याची वाट बघण्यापेक्षा सगळ्यांच्या मरणाची जी सामाईक वाट आहे ती शोधणं आपल्यासारख्या देशाच्या जास्त फायद्याचं. कफ पातळ करायला आणि पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर वापरतात ते एनॅसिटिलसिस्टीन हे जुनं, स्वस्त औषध शंकूपेशींना वाचवतं का, याची मोठी चाचणी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या पुढाकाराने २०२३ मध्ये सुरू झाली. जनुक कुठलंही असो, शेवटच्या पायरीवर अडवायचं, ही त्यामागची कल्पना. निकाल लागण्याआधी कुणी दुकानातून आणून खाऊ नये, हेही सांगायला हवं, नाहीतर व्हॉट्सॲपवर फिरायला लागेल.

दुसरा आक्षेप जास्त खोलवरचा आहे. डोळा दुसऱ्याला बसवतात म्हटलं की 'तो अजून जग बघतोय' असं म्हणून बायको-मुलं मन धरतात. संशोधनाला दिला म्हटलं की तेच मन कचरतं. चिरफाड, काचेची बाटली, वडिलांवर प्रयोग. मला हे हास्यास्पद वाटत नाही. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय अमेरिकी बाईच्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या, त्यावर जगाने दशकानुदशकं काम केलं आणि घरच्यांना पत्ता नव्हता. आनुवंशिक आजाराच्या पडद्यात तर घरातल्या जिवंत माणसांचीही माहिती असते. भाचीच्या लग्नात ती कुणी काढली तर? त्यामुळे संमती स्पष्ट हवी, वेगळी हवी, जिवंतपणी स्वतः दिलेली हवी. नेत्रदानाच्या सहीच्या पोटात गुपचूप घातलेली नको. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याचा सगळा रोख उपचारासाठीच्या दानावर आहे, आणि देहदान चालतं ते १९४९ च्या शरीरशास्त्र कायद्याखाली. मधल्या मधे पडदा उभा आहे, ना धड इकडे ना धड तिकडे. नियम लिहिणाऱ्यांनी या फटीकडे बघायला हवं. दान आलेल्या पडद्यांवरून औषध निघालं तर त्याची इथली किंमत काय असेल, हा प्रश्नही दानाच्या वेळीच विचारायला हवा. नंतर विचारून उपयोग नसतो.

पण लोक देणारच नाहीत, हे मला मान्य नाही. हाडं काढून देणाऱ्या दधीचीची गोष्ट आपल्याकडे शाळेत सांगतात. हिंगोली जिल्ह्यातून चित्रकूटला गेलेल्या नानाजी देशमुखांचा देह २०१० मध्ये दिल्लीच्या एम्सला दिला गेला. डोंबिवलीपासून कोल्हापूरपर्यंत देहदानाचे फॉर्म भरून तिजोरीत ठेवलेली माणसं मला माहीत आहेत. पूर्ण देह द्यायला तयार असलेली माणसं पडदा द्यायला नाही म्हणतील? त्यांना विचारलेलंच नाही.

खरी अडचण वेळेची आहे, आणि तिथे मी उगाच आशावादी होणार नाही. पडदा फार हावरा आहे, त्याला सतत प्राणवायू लागतो. २०२२ मध्ये युटा विद्यापीठ आणि स्क्रिप्स संशोधन संस्थेच्या गटाने दाखवलं, की मृत्यूनंतर पाच तासांपर्यंत काढलेल्या मानवी डोळ्यांत प्रकाश टिपणाऱ्या पेशी पुन्हा प्रतिसाद देऊ शकतात. पेशींचं आपसातलं बोलणं जागं करायचं तर मात्र वीस मिनिटांच्या आत डोळा काढून प्राणवायू द्यावा लागला. वीस मिनिटांत आमच्या गावात कुणी पोचणार नाही. पण जिवंत प्रतिसाद हवा असेल तरच ही घाई. पेशींची रचना, कुठली मेली, कुठली तगली, कशाच्या शेजारी तगली, हे बघायला काही तासांत द्रावणात ठेवलेला पडदाही पुष्कळ सांगतो. त्यातही ज्या माणसाचे वीस वर्षांचे कागद, दृष्टिक्षेत्राचे नकाशे, पडद्याचे फोटो दवाखान्यात पडून आहेत, त्याचा पडदा तर सोन्याचा. नेमकी हीच माणसं समजतात की आपले डोळे निकामी आहेत, दान कसलं करायचं. काचबिंदू, मधुमेह, रातांधळेपणा असलेल्यांचंही पारपटल बहुतेकदा चालतं. मामांचं चाललं. दोघांना बसलं असं नंतर पत्र आलं.

गेल्या महिन्यात, नेत्रदान पंधरवड्यात, मामीने स्वतःचा फॉर्म भरायला घेतला. तिला बावीस वर्षांचा मधुमेह, उजव्या डोळ्यावर दोनदा लेझर झालेलं. सगळे रकाने भरून झाल्यावर म्हणाली, "आणि पडद्याचं कुठे लिहायचं?" मी कागद उलटसुलट करून बघितला. जागा नव्हती. मग तिने मला सहीच्या खाली, समासात, पेनाने लिहायला लावलं: 'आतला पडदाही घ्यावा. माझी हरकत नाही.' तो फॉर्म मी जाऊन दिला. काउंटरवरच्या बाईंनी ती ओळ दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "हे नेमकं कोणाला पाठवायचं?"